लोकसंख्या ११ हजार आणि अख्खी हवामान परिषद अडवतात, हे बेटदेशांना जमतं कसं?

सागरवेडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून वेगळा धागा काढतेय.

जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलावर सल्लागार मत दिलं, ते वाचत होते. तेव्हा कळलं की या सगळ्याची सुरुवात वनुआतूच्या कॅम्पसवर कायदा शिकणाऱ्या पोरापोरींनी केली होती. मग वाचत वाचत मागे जात राहिले तर जिथे तिथे हीच नावं, तुवालू, मार्शल बेटं, मालदीव, फिजी, बार्बाडोस. तुवालूची लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास आहे हो! सैन्य नाही, तेल नाही, कारखाने नाहीत, सगळ्या छोट्या बेटदेशांचं उत्सर्जन एकत्र केलं तरी जगाच्या १ टक्क्याच्या आत. म्हणजे "आम्ही उत्सर्जन कमी करणार नाही जा" अशी धमकीसुद्धा त्यांना देता येत नाही, कारण कमी करायला आहेच काय.

तरी पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशात रोखायचा आकडा त्यांच्यामुळे आला म्हणतात, नुकसान भरपाईचा फंड त्यांच्यामुळे, कोर्टाचं मत त्यांच्यामुळे. मला समजून घ्यायचंय की हे नेमकं होतं कसं. नुसती सहानुभूती असते का? आणि दुसरं, यातून त्यांच्या हातात खरंच काही पडतं का? कोणी हे जवळून फॉलो करत असेल तर जरा सविस्तर लिहा प्लीज.

तळटीप

चांगला प्रश्न. मी गेली बरीच वर्षं या परिषदांची कागदपत्रं वाचतोय, मूळ आवड राज्यशास्त्राची. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, सहानुभूतीचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी आहे. खरी ताकद नियमांमध्ये आहे आणि ते नियम त्यांनी कोळून प्यायलेत.

यूएनच्या हवामान कराराखाली मतदान कसं घ्यायचं हा नियमच आजवर मंजूर झालेला नाही. १९९० च्या दशकात तेलवाल्या देशांनी तो अडवून धरला, कारण बहुमताने निर्णय व्हायला लागले तर आपण हरू ही भीती. त्यामुळे सगळं सहमतीवर चालतं. आता गंमत बघा, जो खुंटा तेलवाल्यांनी स्वतःसाठी ठोकला तोच बेटांच्या कामी आला. सहमती लागते म्हटल्यावर तुवालूने हात वर केला तर अध्यक्षाला थांबावं लागतं. २००९ ला कोपनहेगनमध्ये तुवालूने नव्या कायदेशीर प्रोटोकॉलवर औपचारिक चर्चागट मागितला, चीन आणि भारत दोघांनीही विरोध केला, आणि तुवालू मागे हटेना म्हणून कामकाज तहकूब करावं लागलं. शेवटच्या रात्री मोठ्या देशांनी बंद दाराआड ठरवलेला करार आणला तेव्हा विरोध करणाऱ्या मोजक्या देशांत परत तुवालू होताच, म्हणून तो करार "स्वीकारला" असं न लिहिता "त्याची नोंद घेतली" एवढंच लिहिता आलं.

पण एकटा तुवालू किती ताणणार? म्हणून एओसिस. छोट्या बेटदेशांची युती, १९९० साली स्थापन झाली, आज ३९ सदस्य. पॅसिफिक, कॅरिबियन, हिंदी महासागर, सगळीकडचे. एकेका देशाचं शिष्टमंडळ एवढं छोटं असतं की एकाच वेळी पाच खोल्यांत बैठका चालू असतील तर माणसंच पुरत नाहीत, म्हणून विषय वाटून घेतात. एका देशाचा माणूस वित्तावर, दुसऱ्याचा अनुकूलनावर (बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्यावर), आणि जो बोलेल तो सगळ्यांच्या वतीने बोलेल. शिवाय परिषदेच्या ११ जणांच्या ब्यूरोमध्ये यूएनच्या नेहमीच्या पाच प्रादेशिक गटांव्यतिरिक्त एक जागा फक्त छोट्या बेटदेशांसाठी राखीव आहे. हे त्यांनी अगदी सुरुवातीलाच मिळवून ठेवलं.

आणि मसुदा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. बाकीचे देश भाषणं करत असतात तेव्हा ही मंडळी लेखी मजकूर घेऊन येतात. १९९४ मध्ये, म्हणजे पहिली कॉप (ही दरवर्षीची हवामान परिषद) व्हायच्याही आधी, एओसिसच्या वतीने त्रिनिदाद आणि टोबॅगोने एक प्रोटोकॉल मसुदा दिला, त्यात श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २० टक्के कमी करावं असं होतं. क्योटोमध्ये १९९७ ला शेवटी सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास मिळालं. पण टेबलावर आधी कोणाचा कागद पडतो याला फार किंमत असते, चर्चा त्या कागदाभोवती फिरते.

खारफुटी

तळटीप यांच्याशी सहमत, पण माणसांचा भाग सुटतोय असं वाटतं. नियम सगळ्यांनाच माहिती असतात, वापरणारा लागतो.

मला टोनी डी ब्रम यांच्याबद्दल लिहायचंच आहे. मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री होते. १९५४ साली अमेरिकेने बिकिनी अटॉलवर (अटॉल म्हणजे प्रवाळाचं कड्यासारखं बेट) हायड्रोजन बॉम्बची कॅसल ब्राव्हो चाचणी केली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आजोबांबरोबर मासे धरायला गेले होते आणि आकाश लाल झालेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ज्या माणसाने लहानपणी हे बघितलं तो माणूस साठ वर्षांनी त्याच अमेरिकेला पॅरिसमध्ये आपल्या बाजूला घेऊन बसतो! २०१५ मध्ये परिषदेच्या कित्येक महिने आधीपासून त्यांनी काही मंत्र्यांना गुपचूप जेवणाला बोलवायला सुरुवात केली, थोडे युरोपातले, थोडे आफ्रिकेतले, थोडे लॅटिन अमेरिकेतले. त्यातून "हाय अ‍ॅम्बिशन कोअलिशन" उभी राहिली. पॅरिसच्या शेवटच्या आठवड्यात ती जाहीर झाली, शंभरावर देश, युरोपियन युनियन आत, अमेरिका आत, नंतर ब्राझील पण आला. सगळे कोटाला नारळाच्या झावळीची छोटी पट्टी लावून सभागृहात शिरले. याचा परिणाम असा झाला की "श्रीमंत विरुद्ध गरीब" ही वीस वर्षांची जुनी भिंत काही दिवसांपुरती का होईना ढासळली, आणि कलम २ मध्ये दोन अंशांच्या बरोबरीने दीड अंशासाठी प्रयत्न करायचे हे वाक्य बसलं. डी ब्रम २०१७ मध्ये गेले.

त्याच्याही आधी मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मामून अब्दुल गयूम. एप्रिल १९८७ मध्ये मोठ्या लाटांनी मालेमध्ये पाणी घुसलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी यूएनच्या आमसभेत समुद्रपातळीबद्दल भाषण केलं. १९८७! तेव्हा आयपीसीसी, म्हणजे यूएनचं हवामान शास्त्रज्ञांचं मंडळ, सुद्धा नव्हतं. १९८९ ला मालेमध्ये छोट्या देशांची परिषद भरवली आणि तिथून पुढच्या वर्षी एओसिस. मालदीवचेच नंतरचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांची २००९ ची पाण्याखालची कॅबिनेट मीटिंग सगळ्यांना आठवते, हवेच्या नळकांड्या लावून सह्या करणारे मंत्री. पण मला गयूमांचं भाषण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हा ऐकणारंही कोणी नव्हतं.

आणि हो, हे देश नेहमी एकमुखाने बोलतात असं नाही. कोपनहेगनमध्ये तुवालू विरोधात होता आणि नशीद बाकीच्यांना सांगत होते की करार घ्या. सिंगापूरसुद्धा एओसिसचा सदस्य आहे, त्याची आणि किरिबाटीची परिस्थिती एक कशी असेल.

रोखठोक

वाचलं सगळं, आणि मनापासून आदर आहे या लोकांबद्दल. पण सागरवेडी यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. हातात काय पडलं?

दीड अंश कागदावर आला २०१५ ला. २०२४ हे पहिलं कॅलेंडर वर्ष झालं ज्यात जगाचं सरासरी तापमान औद्योगिकीकरणाआधीच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलं. एका वर्षाने करार मोडला असं होत नाही, ती सरासरी वीसेक वर्षांची बघतात, मान्य. पण दिशा दिसतेय ना.

फंडाचं बघा. १९९१ मध्ये वनुआतूने एओसिसच्या वतीने प्रस्ताव मांडला होता की समुद्रपातळी वाढून जे नुकसान होईल त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय विमा निधी करा, श्रीमंत देशांनी आपलं उत्पन्न आणि उत्सर्जन यांच्या प्रमाणात पैसे भरावेत. फंड मंजूर कधी झाला? २०२२, शर्म अल शेख. एकतीस वर्षं!! ज्यांनी प्रस्ताव लिहिला त्यांच्या पुढची पिढी वाटाघाटीला बसलेली. आणि २०२३ ला दुबईत फंड सुरू झाला तेव्हा सगळ्यांच्या घोषणा मिळून साधारण ७० कोटी डॉलर. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने एकट्या डॉमिनिकाचं नुकसान केलं सुमारे १३० कोटी डॉलरचं, म्हणजे त्यांच्या जीडीपीच्या २२६ टक्के. एका रात्रीत दोन वर्षांच्या कमाईहून जास्त गेलं. एक वादळ, एक बेट, आणि जगाच्या फंडातले पैसे त्याच्या निम्म्याला टेकतात. त्यात अमेरिका २०२५ मध्ये फंडाच्या बोर्डावरून बाहेर पडली.

आणि सहमतीच्या नियमाचं एवढं कौतुक करताय तर हे पण सांगा की २०१० ला कॅनकूनमध्ये बोलिव्हिया शेवटपर्यंत नाही म्हणत होता तरी अध्यक्षांनी हातोडा आपटला. २०२३ ला दुबईत अंतिम मजकूर मंजूर झाला तेव्हा बेटदेशांचे प्रतिनिधी सभागृहात पोचलेसुद्धा नव्हते, ते बाहेर आपसात ठरवत होते. सामोआच्या अ‍ॅन रासमुसेन नंतर उभ्या राहून म्हणाल्या की आम्ही इथे नव्हतो आणि तुम्ही निर्णय करून टाकलात. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. टाळ्या मिळाल्या, मजकूर बदलला नाही. मला ते बघताना फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

तळटीप

रोखठोक, दुबईचं तुम्ही म्हणता ते खरंय, तिथे बचाव करण्यासारखं काही नाही. सहमती म्हणजे नकाराधिकार नव्हे, अध्यक्षाने मनात आणलं तर तो ऐकूनही न ऐकल्यासारखं करू शकतो. २०२४ ला बाकूमध्ये तर बेटदेश आणि सगळ्यात गरीब देश बैठकीतून उठून बाहेर गेले होते, आणि शेवटी विकसनशील देशांना द्यायच्या हवामान निधीचा आकडा ठरला तो २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर, जो कोणालाच पुरेसा वाटला नाही.

पण कागदावरच्या शब्दाला तुम्ही फार स्वस्त समजताय. दीड अंश पॅरिसमध्ये आला, त्याच निर्णयात आयपीसीसीला सांगितलं की दीड अंशावर खास अहवाल करा. तो २०१८ ला आला. त्यात आकडे स्वच्छ होते, दीड अंशाला जगातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील, दोन अंशाला ९९ टक्क्यांहून जास्त. आणि दीड अंशात राहायचं तर कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०५० च्या सुमाराला निव्वळ शून्यावर आणावं लागेल. आज जो तो देश, जी ती कंपनी "नेट झीरो २०५०" म्हणते ते आलं कुठून? तिथून. म्हणून तर त्याच वर्षी कातोविचेमध्ये अमेरिका, रशिया, सौदी अरेबिया आणि कुवेत यांनी त्या अहवालाचं "स्वागत" हा एक शब्द घालू द्यायला नकार दिला. शब्दांना किंमत नसती तर एवढे बलाढ्य देश एका शब्दावर अडले असते का?

कलमनामा

कायद्याची बाजू मी सांगते, थोडं लांब होईल.

१९९२ चा मूळ हवामान करार. त्यावर सह्या करतानाच फिजी, किरिबाटी, नाउरू, तुवालू यांनी लेखी जाहीर करून ठेवलं की या करारावर सही केली म्हणजे हवामान बदलाच्या दुष्परिणामांसाठी राज्यांच्या जबाबदारीचे जे आंतरराष्ट्रीय कायद्यातले हक्क आहेत ते आम्ही सोडले असा अर्थ काढू नये. चार ओळी. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या आग्रहाने सोबतच्या निर्णयात एक परिच्छेद घातला की नुकसानीबद्दलचं कलम ८ हे दायित्वाला किंवा भरपाईला आधार ठरणार नाही. म्हणजे करारातला दरवाजा लावला. मग बेटांनी करार सोडून सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दरवाजाकडे मोर्चा वळवला, आणि तो दरवाजा १९९२ च्या त्या चार ओळींनी उघडा ठेवलेला होता.

२०११ मध्ये पलाऊने हेगच्या कोर्टाचं मत मागायचा प्रयत्न केला होता, पाठिंबा जमला नाही. २०१९ ला साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी परत तोच विषय हातात घेतला आणि वनुआतू सरकारने तो उचलून धरला. चार वर्षं एकेका देशाला समजावत फिरले. मार्च २०२३ ला आमसभेत ठराव एकमताने झाला, सहप्रस्तावक १३२ देश. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत ९६ देश आणि ११ संघटना बोलल्या, त्या कोर्टात एवढी गर्दी आधी कधीच झाली नव्हती. भारतानेही बाजू मांडली, आणि ती साधारण अशी होती की हवामान करारांत जे ठरलंय त्यापलीकडे नवी बंधनं कोर्टाने लादू नयेत. म्हणजे विकसनशील देश सगळे एका बाजूला होते असं अजिबात नाही.

२३ जुलै २०२५ ला मत आलं, एकमताने. करार आणि सर्वसाधारण कायदा दोन्ही लागू. दीड अंश हेच मुख्य उद्दिष्ट. जीवाश्म इंधनाचं उत्पादन, परवाने, सबसिडी यांतूनही एखादा देश चुकीचं कृत्य करत असू शकतो, आणि कारण आणि परिणाम यांचा संबंध सिद्ध झाला तर भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. बंधनकारक नाही, मान्य, पण आता जगभरातल्या कोर्टांत वकील हे मत समोर ठेवणार. त्याच्या आधी मे २०२४ मध्ये समुद्र कायद्याच्या न्यायाधिकरणाने हरितगृह वायू म्हणजे समुद्राचं प्रदूषण असं म्हटलं, तो अर्जही बेटांचाच, अँटिग्वा आणि तुवालू यांनी २०२१ मध्ये खास त्यासाठी एक आयोग स्थापन केला होता.

रोखठोक यांचा राग रास्त आहे. पण कोर्टात जे उभं राहतं ते शेवटी लिहिलेल्या वाक्यांवरच उभं राहतं.

सागरवेडी

किती छान माहिती देताय सगळे, खरंच आभार! एक शंका. मध्यंतरी वाचलं होतं की तुवालूची जमीन उलट वाढलीये असं कुठल्यातरी अभ्यासात निघालं. मग "आम्ही बुडतोय" हे म्हणणं कमकुवत होत नाही का?

खारफुटी

तो अभ्यास खरा आहे, २०१८ चा. १९७१ ते २०१४ मध्ये तुवालूचं एकूण क्षेत्रफळ साधारण २.९ टक्क्यांनी वाढलं, लाटा प्रवाळाची वाळू आणि खडी आणून टाकतात म्हणून. पण क्षेत्रफळ वाढणं वेगळं आणि राहता येणं वेगळं. अटॉलवर नद्या नसतात, वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, लोक आणि झाडं त्याच्यावर जगतात. भरतीचं पाणी एकदा आत शिरलं की तो थर खारट होतो, खड्ड्यात लावलेली कंदपिकं मरतात. नकाशावर बेट दिसत राहतं आणि माणसाला प्यायला पाणी नसतं. त्यात आत्तापर्यंत वाळू टाकणारी प्रवाळंच मेली तर पुढे वाढ कुठून होणार.

आणि बुडण्याच्या भाषेने त्यांचं एक नुकसान पण झालंय, जग त्यांना आधीच गेलेलं धरायला लागलं. म्हणून गेल्या काही वर्षांत त्यांनी सूर बदललाय. २०२१ ला पॅसिफिकच्या देशांनी जाहीर केलं की समुद्र वर आला तरी आमच्या सागरी हद्दी आहेत तिथेच राहतील. किरिबाटीची जमीन फक्त ८११ चौरस किमी, पण त्यांच्या हक्काचा समुद्र ३५ लाख चौरस किमीच्या आसपास, भारताच्या क्षेत्रफळाहून मोठा! ट्यूनाचे परवाने हेच त्यांचं उत्पन्न. किनारा मागे सरकला म्हणून हद्द मागे सरकली असती तर पोटच गेलं असतं. हेगच्या मताने यालाही बऱ्यापैकी आधार दिला, किनारा बदलला तरी हद्दीचे नकाशे बदलायची सक्ती नाही, आणि भूभाग गेला म्हणजे देश आपोआप संपला असं समजायचं कारण नाही.

जुना_नाविक

हवामान परिषदांमधलं मला काही कळत नाही पण एक गोष्ट लिहावीशी वाटली. मी मर्चंट नेव्हीत होतो. ज्या जहाजांवर काम केलं त्यातल्या दोनांच्या मागच्या बाजूला, स्टर्नवर, मोठ्या अक्षरात माजुरो लिहिलेलं होतं. माजुरो म्हणजे मार्शल बेटांची राजधानी. फ्लॅग त्यांचा. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटं ही जहाजांच्या नोंदणीतली जगातली सगळ्यात मोठी तीन नावं आहेत, टनेजच्या हिशेबाने. रजिस्ट्री चालवणारी कंपनी अमेरिकेतली, जहाजाचा मालक तिसरीकडचा, आम्ही खलाशी चौथीकडचे, पण झेंडा माजुरोचा.

तर हेच डी ब्रम २०१५ ला लंडनला आयएमओमध्ये, म्हणजे यूएनच्या जहाज वाहतुकीच्या संघटनेत, जाऊन म्हणाले की जहाजांच्या धुरावर पण मर्यादा ठरवा. ज्याची कमाई जहाजांच्या झेंड्यावर चालते त्यानेच हे मागणं, याला धाडस लागतं. तेव्हा ऐकलं नाही. २०१८ ला आयएमओने २०५० पर्यंत निदान निम्मं करायचं ठरवलं, २०२३ ला २०५० च्या आसपास निव्वळ शून्य. २०२१ ला मार्शल आणि सॉलोमन बेटांनी उत्सर्जनाच्या टनामागे १०० डॉलर कर लावा असा प्रस्ताव दिला होता, तो तसा झाला नाही. एप्रिल २०२५ ला जो पातळ केलेला आराखडा मतदानाला आला त्यावर पॅसिफिकची बेटं तटस्थ राहिली, हे पुरेसं नाही म्हणून. आणि ऑक्टोबरमध्ये अंतिम मंजुरीच्या वेळी ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णयच वर्षभर पुढे ढकलला. आयएमओमध्ये मतदान होतं हे लक्षात घ्या, तिथे अडवायला नाही तर जिंकायला मतं लागतात.

रोखठोक

जुना_नाविक, हे मला अजिबात माहिती नव्हतं. धन्यवाद.

कलमनामा आणि तळटीप यांचा मुद्दा पटतोय, निदान अर्धा. वाक्य आधी लिहून ठेवलं म्हणून तीस वर्षांनी वकिलाच्या कामी आलं, ठीक. पण तुवालूतल्या आजच्या दहा वर्षांच्या मुलीला तीस वर्षं आहेत का? ऑस्ट्रेलियाबरोबरच्या कराराने वर्षाला २८० जणांना तिकडे जाऊन राहता येतं, २०२५ मध्ये पहिल्यांदा अर्ज उघडले तर थोड्याच दिवसांत देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांची नावं आली. ज्यांच्यासाठी ही वाक्यं लिहिली त्यांना ते कोर्टाचं मत बहुतेक दुसऱ्या देशात बसून वाचावं लागणार.

कलमनामा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच की त्या करारात ऑस्ट्रेलियाने पहिल्यांदाच लिहून दिलंय की समुद्र कितीही वर आला तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम राहील. तेही तुवालूनेच लिहून घेतलं.

सागरवेडी

रोखठोक, तुमची शेवटची ओळ वाचून गलबलून आलं. मी आता १९९१ चा तो विमा निधीचा मूळ प्रस्ताव शोधून वाचणार आहे, कळला तेवढा मराठीत इथेच टाकेन.

जुना_नाविक, एक विचारू का, जहाजावर कोणाला माहिती असायचं का हो माजुरो कुठे आहे ते?

जुना_नाविक

खरं सांगायचं तर नाही. आमच्या बोसनने (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) एकदा चार्टवर शोधून दाखवलं होतं, पेन्सिलचं टोक ठेवलं तर अख्खं बेट झाकलं जायचं. दर काही महिन्यांनी ती अक्षरं खरवडून परत पांढऱ्या रंगाने रंगवायचं काम असायचं, ते मी तीन वेळा केलंय. जुन्या पेटीत एक फोटो असावा, सापडला तर टाकतो.